विलायती पेटी आणि आमची श्रुति

गणेशोत्सव जवळ आला कीं पुण्यांतील एखाद्या जुन्या घरीं माळ्यावरची पेटी खालीं उतरते. भात्यावरील धूळ झटकून पहिली पट्टी दाबतांच जो सूर निघतो तो घरांतील सर्वांस आपलाच वाटतो. ही पेटी मूळची परदेशची, हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु ह्या परक्या वाद्याचे सूर आपल्या कानाजोगे करून घेण्यासाठीं एकदां खुद्द लंडनच्या कारखान्यांत पेटी घडविली गेली, आणि त्या उद्योगाचें मूळ आमच्या सांगली-पुण्याकडे होतें, ही हकीकत आज थोड्यांच्याच स्मरणांत असेल. आपणांस हवें तसें वाद्य सातासमुद्रांपलीकडून मागवितां येतें काय, ह्या प्रश्नाचें उत्तर तींत सांपडत असल्यामुळें ती वाचकांपुढें मांडीत आहों.

पॅरिस येथील अलेक्झांद्र दबें यानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. तें वाद्य खुर्चीवर बसून, पायांनीं भाता चालवून वाजवावयाचें. आमची मैफल बैठकीवरची. तेव्हां कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कल्पक व्यापाऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हातभात्याची पेटी प्रचारांत आणिली. लांकूडकाम येथें होऊं लागलें, तरी आंतील पितळी सूर पुष्कळ काळ पॅरिस व जर्मनी येथूनच येत. जुन्या जर्मन सुरांची पेटी म्हटली कीं जाणकार अजूनही कान टवकारतात. इकडे ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ पुण्यांत रंगभूमीवर आलें व संगीत नाटकाचें युग सुरू झालें. ह्या रंगभूमीनें पुढें पेटीला व ऑर्गनला जवळ केलें. १९११ सालच्या ‘मानापमाना’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः नामांकित पेटीवादक होते. नाटकाचीं पदें घरोघर गेलीं तीं पेटीला बरोबर घेऊनच.

मग तक्रार कसली होती? ती समजण्यास थोडें गणित पाहिलें पाहिजे. पेटींत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. युरोपीय संगीतांत एकाच रचनेंत आधारसूर बदलावा लागतो, म्हणून ही सोय. आमच्या संगीतांत षड्ज अचल. तो २४० कंपनांचा धरला तर चांगल्या मिळविलेल्या तंबोऱ्याच्या खर्जांतून आपोआप ऐकूं येणारा गांधार, मध्य सप्तकांत आणिला असतां, ३०० कंपनांचा ठरतो. पेटीचा गांधार मात्र ३०२ च्या वर जातो. पंचमांत हा फरक नांवापुरताच आहे. धैवताशीं मात्र खरी अडचण उभी राहते. शुद्ध मध्यमाशीं गांधाराच्या नात्यानें जुळणारा धैवत ४०० कंपनांचा आणि ऋषभाचा पंचम होणारा धैवत ४०५ कंपनांचा. पेटीचा धैवत ह्या दोहोंच्या मध्यें, कोणाचाच नव्हे असा.

ही विसंगति ज्यांना स्वस्थ बसूं देईना त्यांपैकीं सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे एक होत. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल यांचे हे बंधू. सरकारी नोकरींतून डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झालेल्या ह्या गृहस्थांनीं तारेवर स्वर मोजून पाहिले, अब्दुल करीम खांसाहेबांसारख्या गवयाचें साहाय्य घेतलें आणि १९१० सालीं हिंदु स्वरसप्तक व बावीस श्रुति ह्यांवरील आपलें इंग्रजी पुस्तक पुण्यास प्रसिद्ध केलें. मुंबई इलाख्यांत न्यायाधीशाच्या हुद्द्यावर असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स हे इंग्रज अधिकारी ह्या कामांत त्यांस येऊन मिळाले. दोघांच्या खटपटींतून लंडनच्या मूर आणि मूर ह्या पेढीनें श्रुतींची निराळी पेटी बनविली. तिची योजना कीटली मूर यांची. एरव्ही कारखानदार देईल तें ग्राहकानें घ्यावें. येथें ग्राहकानें आपलें शास्त्र पुढें ठेविलें आणि कारखानदारानें त्याबरहुकूम वाद्य घडविलें.

मार्च १९१६ मध्यें बडोदें येथें महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयानें पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे तिचे सूत्रधार. ही श्रुतिमीमांसा व ही पेटी तेथें चर्चेस आली. परंतु भातखंडे यांस ती पटली नाहीं आणि परिषदेनेंही तिजवर मान्यतेची मोहोर उठविली नाहीं. पेटी मागें पडली. जी बारा सुरांची सदोष पेटी सुधारावयाची होती, तीच घरोघर नांदत राहिली.

असें कां व्हावें? कारागिरी कमी पडली असें आम्हांस वाटत नाहीं. सूर कितीही वाढविले तरी ते एकमेकांपासून तुटलेलेच राहतात. गळ्यांतील मींड पट्ट्यांवर उतरत नाहीं. शिवाय गायक गात असतां दोन धैवतांपैकीं कोणता, हें वादकानें क्षणांत ठरवावयाचें. पण सर्वांत मोठी अडचण मागणीपत्रांतच होती. अमुक रागाची अमुक श्रुति कोणती, ह्यावर आमच्या गवयांचें व पंडितांचें एकमत नव्हतें. जो निर्णय आम्हीं घरीं केला नव्हता तो लंडनचा सुतार पितळेंत कसा घडवून देणार?

म्हणून तो उद्योग व्यर्थ गेला असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. तक्रार खरी होती. १९४० सालीं रेडिओवर पेटीस बंदी झाली व १९७१ सालीं ती कांहीं अंशीं उठली, त्या वादांतही हा स्वरांचा प्रश्न होताच. आमच्याच काळांत डॉ. विद्याधर ओक यांनीं बावीस श्रुतींची पेटी नव्या युक्तीनें सिद्ध केली आहे. आतां तर सूरही गुजराथेंत पालिताण्यास तयार होतात. प्रश्न मालाचा राहिलेला नाहीं, कानाचा आहे.

दूरदेशाहून वाद्य मागवूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. तसें असतें तर आमच्या रंगभूमीचा इतिहास निराळाच लिहावा लागला असता. परंतु पेटी घेतांना घरांत एक तंबोराही असावा. मुलांनीं पट्टी दाबण्यापूर्वीं खर्जांतला तो गांधार घटकाभर ऐकावा. मग पेटी जेथें चुकते तेथें गळा चुकणार नाहीं. देवलांनीं एवढ्या कष्टानें मागितलें तें ह्याहून फार निराळें नव्हतें.