आर्नेमचा पूल : बोली ४८ तासांची

जॉन फ्रॉस्ट यांचा जन्म पुण्यातला, ३१ डिसेंबर १९१२चा. जर्मन रडारचे भाग फ्रान्सच्या किनाऱ्यावरून उचलून आणणाऱ्या ब्रुनेवालच्या छाप्याने त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला, ट्युनिशियातल्या लढाईने डीएसओ हा लष्करी सन्मान.

१७ सप्टेंबर १९४४, दुपारी २ : लेफ्टनंट कर्नल फ्रॉस्ट यांची ब्रिटिश दुसरी पॅराशूट बटालियन जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये उतरली. ऱ्हाइनवरचा आर्नेमचा पूल तिथून दहा-बारा किलोमीटर दूर! विमानविरोधी तोफांच्या धास्तीने नियोजकांनी ही जागा निवडली. माझ्या मते घात इथेच झाला. शत्रूला सावध व्हायला आयते तास मिळाले.

संध्याकाळ : वाटेतला रेल्वेपूल जवानांच्या डोळ्यांदेखत उडवला गेला.

रात्री ८ : मुख्य पुलाचे उत्तर टोक हाती आले. दक्षिण टोकावर दोनदा चाल केली, दोन्ही वेळा माघार घ्यावी लागली. बटालियन ज्या डिव्हिजनचा भाग होती, त्या दहा हजारांच्या डिव्हिजनने दक्षिणेकडून ब्रिटिश रणगाडे येईपर्यंत हा पूल ४८ तास धरायचा होता. पोहोचले जेमतेम साडेसातशे.

१८ सप्टेंबर, सकाळी ९ नंतर : जर्मन एसएसच्या चिलखती गाड्या दक्षिणेकडून पुलावर भरधाव घुसल्या. सुमारे दोन तासांत डझनभर गाड्या तिथेच जळाल्या. पण वायरलेस चालेना आणि उरलेली डिव्हिजन शहराच्या पश्चिमेला अडकून पडली.

१९ सप्टेंबर : ४८ तास उलटले. शरण या, असा जर्मनांचा निरोप आला. फ्रॉस्ट यांनी धुडकावला. मग रणगाडे एकेक घर फोडू लागले, पेटवू लागले. तळघरे जखमींनी भरली. पाणी संपत आले, रणगाडाविरोधी दारूगोळाही.

२० सप्टेंबर, दुपारी दीडच्या सुमारास : उखळी तोफेचा गोळा जवळ फुटला आणि फ्रॉस्ट यांचे दोन्ही पाय जखमी झाले. सूत्रे मेजर फ्रेडी गॉफ यांच्याकडे गेली, तरी मोठे निर्णय फ्रॉस्ट यांना विचारूनच होत.

संध्याकाळी ७ : मदतीला निघालेल्या ब्रिटिश रणगाड्यांनी दक्षिणेला सतरा किलोमीटरवरचा नायमेखनचा पूल ओलांडला. त्या रात्री ते पुढे सरकले नाहीत. मला हे सतरा किलोमीटर आजही सलतात.

रात्री : जळत्या इमारतीतल्या जखमींना बाहेर काढण्यासाठी तात्पुरती युद्धबंदी झाली. ब्रिटिश आणि जर्मन दोघांनीही माणसे उचलली. फ्रॉस्ट युद्धकैदी झाले.

२१ सप्टेंबर, सकाळ : पुलावर उरलेल्या तुकड्यांचा प्रतिकार संपला. जर्मनांनी जळक्या गाड्या बाजूला लोटल्या आणि दुपारी त्यांचे रणगाडे त्याच पुलावरून नायमेखनची वाट अडवायला निघाले.