समदुःखी माणसांची बैठक



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी लोणच्या-पापडांच्या कृती असतात, सणवारांची माहिती असते, एखादे प्रवासवर्णन असते. या खेपेस चिटणीसबाई म्हणाल्या, काही इतिहासाचे द्या. इतिहास म्हटला की आपल्याला भोसल्यांचा वाडा आणि सीताबर्डीचा किल्ला आठवतो. त्यावर लिहिणाऱ्या शिकलेल्या भगिनी मंडळात आहेत. मी सातवीपर्यंतच शिकले. मला सांगायचा आहे तो आपल्याच हयातीत घडलेला इतिहास. एच.आय.व्ही. झालेल्या माणसांनी एकमेकांना धीर कसा दिला, त्याचा.

हा रोग आपल्या देशात आहे हे प्रथम कळले ते १९८६ साली, मद्रासेत. ते शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, म्हणजे मराठी घरातल्या. त्यांच्या हाताखाली निर्मला नावाची विद्यार्थिनी होती. तिने वेश्याव्यवसायात सापडलेल्या बायकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि घरच्या फ्रीजमध्ये ठेवले. दूध-भाजीच्या शेजारी! ते नमुने वेल्लोरला तपासले, तेव्हा सहा बायकांच्या रक्तात हा रोग निघाला. पुढे १९९३ साली सुनीतीबाईंनी वडिलांच्या नावाने संस्था काढली. तिथे तपासणीबरोबर रोग्याशी बसून बोलण्याचीही सोय केली. त्या काळी रोग्याला हात लावायला दवाखान्यातली माणसेसुद्धा कचरत.

पण मला जास्त सांगायचे आहे ते गोव्याचे.

म्हापशाजवळ डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण होता. रक्तदान करण्याची त्याला हौस. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला बोलावून नेले. त्याने दिलेल्या रक्तात दोष निघाला होता, पण ते त्याला कोणी धड सांगितलेही नाही. तिथल्या कायद्यात अशा माणसाला वेगळे ठेवण्याची तरतूद होती. त्याला क्षयरोग्यांच्या एका जुन्या, रिकाम्या इमारतीत नेऊन ठेवले. एकटा माणूस आणि बाहेर पहारा. असे ६४ दिवस! चोरी नाही, मारामारी नाही, रक्त दिले एवढाच काय तो गुन्हा.

त्याची आई, लुसीबाई, घरी रडत बसली नाही. ती सरकारविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. मुलाच्या मित्रमंडळींनी मोर्चे काढले, वर्तमानपत्रांतून लिहिले. शेवटी मुलगा सुटून घरी आला. कायदा मात्र न्यायालयाने रद्द केला नाही. सक्ती तेवढी गेली आणि वेगळे ठेवायचे की नाही हे सरकारच्या मर्जीवर राहिले. डॉमिनिकला नोकरी सोडावी लागली. त्या ६४ दिवसांत त्याला सर्वांत जास्त काय नडले असेल? माझ्या मते रोगापेक्षा एकटेपण. कारण १९९२ साली मित्रांना बरोबर घेऊन त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढली, ती अशाच माणसांना आधार देण्यासाठी. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो वारला. संस्था राहिली.

आपल्या विदर्भाला हे नवे वाटू नये. महारोग्यांना गावाबाहेर काढणारेही आपणच, आणि त्यांच्यासाठी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण व १९४९ साली वरोऱ्याला बाबा आमटे उभे राहिले तेही इथेच. फरक एवढाच की इकडे निरोगी माणसांनी रोग्यांना हात दिला, आणि एच.आय.व्ही.च्या बाबतीत बरेचदा रोग्यांनीच रोग्यांना.

सांगलीचेच पाहा. १९९२ पासून मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने तिथल्या वेश्यावस्तीत काम धरले. निरोध वाटायचे, पटवून द्यायचे, हे सगळे त्या वस्तीतल्या बायकांनीच केले. १९९६ साली त्यांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ झाली. (आपल्याकडे गंगा-जमुनेचे नाव निघाले की आपण पदर सावरून विषय बदलतो, ते असो.) १९९७ साली चेन्नईत देशभरच्या रोग्यांचे जाळे उभे राहिले. पाठोपाठ १९९८ साली बायकांनी आपले वेगळे जाळे काढले. पुण्यातही महाराष्ट्रापुरते असे जाळे झाले.

बायकांना वेगळे का लागले, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. लग्नाच्या नवऱ्याकडून रोग यायचा, नवरा आधी जायचा, आणि सासरी बोल लागायचा सुनेलाच. ताट वेगळे, न्हाणी वेगळी. घर-शेतीतला वाटा नाही तो नाहीच. अशी बाई हळदीकुंकवाला जाणार नाही, भिशीला येणार नाही. मग तिने बोलायचे कोणाशी?

या बैठकींत चालते तरी काय? तिथे व्याख्यान नसते. आठ-दहा माणसे गोल करून बसतात. इथले बोलणे बाहेर न्यायचे नाही, एवढा नियम पाळतात. ज्याला काल कळले तो समजतो की आता संपले. शेजारची बाई म्हणते, मला पंधरा वर्षे झाली, मी रोज स्वयंपाक करून कामाला जाते. हे वाक्य डॉक्टरने सांगून पटत नाही, तिने सांगितले की पटते. गोळीची वेळ कशी पाळावी, लग्नाला परगावी गेल्यावर डबी कुठे लपवावी, मुलांना कधी सांगावे, सगळे निघते. औषधोपचार नीट घेणाऱ्या आईला निरोगी मूल होऊ शकते, हेही पुष्कळ जणींना तिथेच कळते. अशा मंडळींचे वधूवर मेळावेही आपल्या राज्यात भरले आहेत.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने औषधे फुकट देण्यास सुरुवात केली. आरंभी देशात आठच रुग्णालये होती, त्यांत मुंबईचे जे.जे. होते. तेव्हापासून माणसे जगू लागली. पण गोळी जन्मभर, रोज घ्यावी लागते. मन खचले की पहिली चुकते ती गोळीच. म्हणून औषध आले तरी बैठक सुटली नाही.

कायदा यायला मात्र २०१७ साल उजाडले. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. या रोगापायी कोणाला कामावरून काढणे, घर किंवा शाळा नाकारणे, उपचार नाकारणे यांना त्यात बंदी आहे. संमतीवाचून रोग्याचे नाव फोडता येत नाही. आपल्या मेडिकलमध्ये ए.आर.टी. केंद्र आहे. तिथे औषधाला पैसे पडत नाहीत आणि समुपदेशकाशी बोलताही येते. घरातून बाहेर पडणे जमत नसेल तर १०९७ हा सरकारी फोन आहे, त्यालाही पैसे पडत नाहीत.