रेड-शून्याची कुळकथा

दोन हार्ड डिस्क मिळून एकच मोठी, जवळजवळ दुप्पट वेगाची डिस्क करायची, तर आज नांदगाव पेठेतल्या घरच्या कॉम्प्युटरला वेगळं कार्ड लागत नाही. लिनक्सवर एमडीएडीएम या प्रोग्रॅमची एक कमांड दिली की झालं. या जोडणीला आपण रेड-शून्य म्हणतो. पण ही युक्ती ‘रेड’ या नावाच्या आधीची आहे.

१९८०च्या दशकात प्रोसेसर वर्षागणिक वेगवान होत होते. डिस्क मात्र फिरत्या चकतीवर आणि सरकणाऱ्या हेडवर अवलंबून. तिचा वेग त्या मानाने वाढेना. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या केनेथ सेलम आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी १९८६ साली ‘डिस्क स्ट्रायपिंग’ याच नावाचा शोधनिबंध मांडला. फाइल एकाच डिस्कवर सलग लिहायची नाही. तिचे ठरावीक मापाचे तुकडे करायचे. पहिला पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसऱ्यावर, तिसरा पुन्हा पहिल्यावर. सोयाबीनच्या वावरात निंदायला उतरलेल्या बाया आपापली पात धरतात आणि सगळ्या पाती एकदमच पुढे सरकतात, तसं हे काम. फरक एवढाच, की एक बाई घरी गेली तर तिचीच पात राहते. इथे एक डिस्क गेली तर जवळजवळ प्रत्येक मोठ्या फाइलला भोकं पडतात.

या भोकांचा हिशोब बर्कलीत झाला. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांना महागड्या, अवाढव्य डिस्कऐवजी पीसीतल्या स्वस्त डिस्कांचा ताफा वापरायचा होता. एका डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं, तर १०० डिस्कांच्या ताफ्यात पहिला बिघाड सरासरी ३०० तासांत येणार. म्हणजे दोन आठवडेही नाहीत! या एका भागाकारातून १९८८चा त्यांचा ‘रेड’वरचा प्रसिद्ध निबंध उभा राहिला. ताफ्यात जादा डिस्क घालून बिघाड कसा पचवायचा, याच्या पाच पातळ्या त्यांनी मांडल्या, एक ते पाच. त्यात शून्य नव्हतं. जादा काहीच न ठेवणाऱ्या नुसत्या स्ट्रायपिंगला तो आकडा मागाहून चिकटला. मला तो फार नेमका वाटतो, कारण या रचनेत संरक्षण खरोखर शून्यच आहे.

पीसीवर ही सोय १९९३च्या विंडोज एनटी ३.१ने ‘स्ट्राइप सेट’ म्हणून आणली. १९९६च्या लिनक्स २.० कर्नलमध्येही ती होती. वाटणीचं काम प्रोसेसरच करतो, म्हणून याला सॉफ्टवेअर रेड म्हणतात. कॉम्प्रेस न केलेला व्हिडिओ सेकंदाला वीस एमबीच्या पुढे जागा खातो. त्या काळच्या एकट्या डिस्कला तो सलग झेपणं कठीण होतं. एडिटिंग करणाऱ्यांना ही जोडणी म्हणून प्रिय झाली.

आता एकच एनव्हीएमई एसएसडी अशा कितीतरी जोड्यांना मागे टाकते. तरीही पडून असलेल्या दोन जुन्या हार्ड डिस्कांचं यात सोनं होतं, असं मी ठामपणे म्हणेन. जोडताना त्यांच्यावरचा आधीचा डेटा जातो, तो अगोदर उतरवून घ्यावा. मग एमडीएडीएमला पातळी शून्य आणि डिस्क दोन सांगायच्या. तुकड्याचं माप आपण दिलं नाही, तर ते ५१२ केबी धरतं. एडिटिंगच्या तात्पुरत्या फाइली खुशाल या जोडीवर ठेवाव्यात. लग्नाचं मूळ शूटिंग मात्र तिसऱ्या, स्वतंत्र डिस्कवर.