जुनी बुलेट रस्त्यात मिसिंग मारते आणि गॅरेजमध्ये शहाणी होते, मग बिघाड शोधायचा कसा?

भिवंडीतला अंजूरफाटा. पुढे कंटेनर, मागे कंटेनर आणि मधे अडकलेली जुनी कास्ट आयर्न बुलेट. अर्धा तास फर्स्ट-न्यूट्रल, फर्स्ट-न्यूट्रल झाल्यावर गाडी पहिली उचकी देते. थोड्या वेळाने दुसरी. मग सायलेन्सरमधून एक जोरदार फटाका. आजूबाजूचे सगळे वळून बघतात. कशीबशी ढकलत गॅरेजपर्यंत न्यावी, एक चहा व्हावा, मिस्त्रीने किक मारावी आणि गाडी अशी टकाटक चालावी की मालकच खोटा पडावा.

गॅरेजच्या भाषेत याला ‘मिसिंग’ म्हणतात. सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आलं, पण ते पेटलं नाही किंवा वेळेवर पेटलं नाही. कायम मिसिंग असेल तर शोधणं सोपं असतं. डोकं फिरवते ती अधूनमधून येणारी, कारण बिघाड समोर नसताना तो शोधावा लागतो.

मग होतं काय? अंदाजाने पार्ट बदलले जातात. आधी प्लग, मग कार्बोरेटर, मग कॉइल. पैसे जातात ते वेगळेच. पण चाळीस वर्षं टिकलेला मूळ कंपनीचा कार्बोरेटर भंगारात जातो आणि त्याच्या जागी डुप्लिकेट येतो, हे नुकसान भरून निघत नाही. एवढं करून दोष तसाच राहिला, तर मानकोलीजवळ हायवेवर कंटेनरच्या पुढ्यात गाडी बंद पडते. तिथे प्रश्न हौसेचा राहत नाही, जिवाचा होतो.

म्हणून ‘कोणता पार्ट खराब आहे?’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवायचा. आधी विचारायचं, मिसिंग केव्हा येते?

ठिणगी पडते कशी?

जुनी बुलेट किंवा येझदी असेल तर रचना साधी आहे. बॅटरीचा करंट चावीच्या स्विचमधून इग्निशन कॉइलमध्ये येतो आणि तिथून ‘पॉइंट’ नावाच्या छोट्या उघड-मिट करणाऱ्या जोडीतून अर्थ होतो. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की ते क्षणात कोसळतं आणि कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात. तीच प्लगची ठिणगी. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर करंटचा धक्का झेलतो, म्हणजे ठिणगी पॉइंटवर न पडता प्लगवर पडते.

बुलेटसारख्या एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक गाडीत इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर सेकंदाला २५ ठिणग्या लागतात. त्यातली एक जरी चुकली तरी बसलेल्याला झटका कळतो. स्विच, चार-पाच जोड, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लगची जाड वायर, कॅप, प्लग अशी ही साखळी आहे. त्यातली कुठलीही कडी क्षणभर सुटली की उचकी.

तरीही बहुतेक जण आधी कार्बोरेटरच उघडतात. त्याचं कारण मानवी आहे. कार्बोरेटर उघडला की कचरा दिसतो, साफ केला की काम केल्यासारखं वाटतं. वायरीतला दोष दिसत नाही. कार्बोरेटरचे बहुतेक बिघाड वायरिंगमध्ये सापडतात, असा मेकॅनिकांमध्ये एक जुना विनोदच आहे.

आधी कान वापरा

करंटचा दोष दिव्याचं बटण बंद केल्यासारखा येतो. गाडी एकदम मरते, एकदम जिवंत होते. पेट्रोलचा दोष कंदिलातलं तेल संपत आल्यासारखा असतो. गाडी दमत जाते, थ्रॉटल दिला तरी ओढत नाही, मग गुरगुरत थांबते.

दुसरी खूण आवाजाची. सायलेन्सरमध्ये फटाका वाजला तर बहुधा ठिणगी चुकली आणि न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन गरम सायलेन्सरमध्ये पेटलं. कार्बोरेटरमधून शिंक आली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत असण्याची शक्यता जास्त. टायमिंग किंवा व्हॉल्व्हचा दोषही शिंक देतो, त्यामुळे ही खूण पक्की नाही. पण कुठून सुरुवात करायची ते सांगते.

तिसरी खूण प्लगची, आणि ती घ्यायची वेळ महत्त्वाची आहे. मिसिंग सुरू झाली की सुरक्षित जागा बघून क्लच दाबा, लगेच चावी बंद करा आणि गाडी कडेला घ्या. तशीच घरापर्यंत चालवत नेली तर पुरावा जळून जातो. गरम प्लग जपून काढा. ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल आलं होतं, ठिणगी नव्हती. कोरडा आणि पांढुरका असेल तर पेट्रोलच पोहोचत नव्हतं.

भिवंडीचा रस्ता हेच टेस्टिंग मशीन

असा बिघाड पकडायला जी परिस्थिती लागते, ती सगळी भिवंडीत फुकट मिळते. उष्णता, खड्डे, पाऊस आणि मोकळा चढ.

ट्रॅफिकमध्ये गाडी तापली की मिसिंग, अर्धा तास थंड झाली की ठीक, असं होत असेल तर पहिला संशय कंडेन्सर आणि कॉइलवर घ्या. दोन्हीतलं इन्सुलेशन तापल्यावर दगा देतं आणि थंड झाल्यावर पुन्हा सावरतं. गॅरेजमध्ये गाडी शहाणी होते ती यामुळेच. चाचणी अंधारात करा. पॉइंटचं झाकण काढून इंजिन चालू ठेवा. पॉइंटवर बारीक ठिणगी दिसणं नॉर्मल आहे, पण निळी-पांढरी जोरदार चमक सतत दिसली तर कंडेन्सर गेला. अजून खात्री हवी असेल तर जुना सोडवून एखादा चांगला कंडेन्सर दोन वायरींनी बाहेरूनच जोडा, एक वायर पॉइंटला आणि एक अर्थला. गाडी तापवून पुन्हा चालवा. मिसिंग गेली तर काहीशे रुपयांत विषय संपला.

पण थांबा. अगदी असंच लक्षण पेट्रोल टाकीच्या झाकणामुळेही येतं. झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. दहा-पंधरा किलोमीटरनंतर गाडी दमते, थांबल्यावर हळूहळू हवा आत शिरते आणि गाडी पुन्हा सुरू होते. लोक कॉइल बदलून बसतात आणि दोष असतो भोकात अडकलेल्या धुळीचा. मिसिंग आली की झाकण उघडून बघा. ‘सुस्स’ आवाज आला आणि लगेच गाडी नीट चालली, तर तपास संपला.

खड्ड्यांचं प्रकरण वेगळं. भिवंडी-वाडा रस्त्यावर पावसाळ्यानंतर गाडी चालवणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. आपटल्यावर किंवा हँडल वळवल्यावरच उचकी येत असेल तर कुठेतरी जोड ढिला आहे. बॅटरीचे टर्मिनल, फ्यूज, चावीचा स्विच, अर्थची वायर आणि हँडलच्या मानेपाशी वर्षानुवर्षं वाकून आतून तुटलेली वायर, हे नेहमीचे संशयित.

इथे बुलेटवाल्यांकडे एक हुकमी हत्यार आहे, हेडलॅम्पवरचा छोटा अँपिअर मीटर. इंजिन बंद, चावी चालू ठेवून किक हळूच खाली दाबा. पॉइंट मिटले की काटा मायनसकडे जातो, उघडले की मधे येतो. काटा मायनसला असताना किक सोडा आणि हँडल डावी-उजवीकडे फिरवा, चावी हलवा, एकेक वायर हलवा. ज्या क्षणी काटा उडी मारून मधे येतो, तिथेच चोर आहे. एक-दोन मिनिटांत चावी बंद करा, नाहीतर कॉइल तापते. मीटर नसेल तर कॉइलला करंट येतो त्या टोकाला आणि अर्थला एक छोटा बल्ब जोडा. तो विझता कामा नये.

अजून सरळ उपाय म्हणजे बॅटरीपासून कॉइलपर्यंत तात्पुरती वेगळी वायर टाकणं. मिसिंग गेली तर दोष स्विच किंवा वायरिंगमध्ये आहे. बॅटरीचं कोणतं टोक अर्थला आहे ते आधी बघा, वायरमध्ये फ्यूज ठेवा आणि हे लक्षात असू द्या की आता गाडी चावीने बंद होणार नाही, वायर काढावी लागेल.

पॉइंटची फट बुलेटला साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागते. पण ज्या शाफ्टवर कॅम फिरतो त्याचा बुश घासला असेल तर फट दर फेरीला बदलते. बोटाने शाफ्ट हलवून बघा. हलत असेल तर फट कितीही वेळा सेट केली तरी आठवडाभरात तेच रडगाणं.

फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर त्रास होत असेल तर प्लगची वायर आणि कॅप बघा. अंधारात स्प्रे बॉटलने त्यावर पाण्याचा हलका फवारा मारा. चिरेतून निळी ठिणगी इंजिनवर उडताना दिसते. वायरीला हात लावू नका आणि पेट्रोल गळत असेल तर हा प्रयोग करूच नका. बऱ्याचदा वायरचं टोक पाच मिलिमीटर कापून कॅप नव्याने घट्ट बसवली तरी भागतं.

राहिला चढ. सपाटीला ठीक, पण कसारा घाटात फुल थ्रॉटलला मिसिंग. दाब वाढला की ठिणगीला प्लगची फट ओलांडणं जड जातं, म्हणून कमजोर कॉइल आणि जास्त फटीचा प्लग इथे उघडे पडतात. बाहेर काढून हेडला टेकवलेला प्लग छान ठिणगी देतो आणि आत देत नाही, ते याचमुळे. पण इथे पेट्रोल कमी पडण्याची शक्यताही तेवढीच असते. कॉकच्या खालची वाटी, फिल्टर आणि मेन जेट तपासा.

पेट्रोलचा नवा पैलू

२०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल रुळलं. या गाड्या बनल्या तेव्हा ते कोणाच्या डोक्यातही नव्हतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण थोडं पातळ होतं. शिवाय ते हवेतली ओल ओढून घेतं. प्रमाणाबाहेर पाणी झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाला बसतं, आणि कॉक तर तळालाच असतो. महिनोन् महिने उभी राहणारी हौसेची गाडी यात जास्त सापडते. वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करण्यापासून सुरुवात करा.

प्रत्येक गाडीचा वेगळा स्वभाव

म्हैसूरच्या कारखान्यातल्या, १९९६ पर्यंत बनलेल्या बहुतेक जावा-येझदींना सायलेन्सर दोन, पण सिलिंडर एकच. एक सायलेन्सर कमी तापतोय म्हणून ‘एक सिलिंडर बंद आहे’ असं निदान कोणी केलं तर नम्रपणे दुसरं गॅरेज शोधावं. १९८३ साली आलेली राजदूत ३५० मात्र खरोखर दोन सिलिंडरची, तिला पॉइंटच्या जोड्याही दोन आणि कॉइलही दोन. तिच्या पाइपवर पाण्याचे दोन-दोन थेंब टाका, ज्यावर चर्र होत नाही तो सिलिंडर आळशी. मग दोन्ही कॉइलची अदलाबदल करा. दोष कॉइलबरोबर दुसरीकडे गेला तर कॉइल खराब, जागेवरच राहिला तर कॉइल निर्दोष.

६ व्होल्टच्या गाड्यांना मुळातच मार्जिन कमी. रात्री हेडलाइट चालू असताना ब्रेक दाबला की उचकी आली, तर आधी बॅटरी आणि चार्जिंग तपासा. (जाता जाता, केंद्राच्या २०२१ च्या नियमांत ‘व्हिंटेज’ म्हणजे ५० वर्षांहून जुनी गाडी. १९८५ ची बुलेट घरात कितीही लाडकी असली तरी कागदावर अजून व्हिंटेज नाही.)

एका वेळी एकच पार्ट बदला आणि काढलेला पार्ट डिकीत जपून ठेवा. दोष गेला नाही तर तोच परत बसवायचा. आणि गॅरेजला जाल तेव्हा ‘गाडी मिसिंग मारते’ एवढंच सांगू नका. ‘पंचवीस मिनिटांनी, गरम झाल्यावर, एकदम बंद पडते, प्लग ओला निघतो, झाकण उघडून फरक पडत नाही,’ असं सांगा. मग मिस्त्रीचा हात कार्बोरेटरकडे न जाता पॉइंटच्या झाकणाकडे जाईल.