अमेरिकन परिचारिका आणि स्वस्त क्रेडिटचा इतिहास

आज अमेरिकेत नर्स होऊ पाहणारी एखादी तरुणी रात्रपाळी संपवून घरी येते आणि मोबाइलवर संख्याशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुढे नेते. अल्प शुल्कात मिळवलेले हे ‘क्रेडिट’ पुढे तिच्या पदवीत जमा होऊ शकते. ही सोय इंटरनेटने दिली असे वाटते खरे. पण तिची कथा सुरू होते प्राध्यापकांच्या पेन्शनपासून!

१९०५ साली अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी १ कोटी डॉलर दिले. कोणती महाविद्यालये त्यास पात्र, हे ठरवताना कार्नेगी प्रतिष्ठानाने एक अट घातली: प्रवेशार्थीने माध्यमिक शाळेत १४ ‘युनिट’ पूर्ण केलेली असावीत. एक युनिट म्हणजे साधारण १२० तासांचे अध्यापन. महाविद्यालयांतील क्रेडिट-तासही याच हिशेबी वृत्तीत रुजला. विद्यार्थ्याला काय येते यापेक्षा तो किती तास बसला, हे मोजणे सोपे होते. (७५ टक्के हजेरीच्या नियमाने पोळलेल्यांना हे निराळे सांगायला नको.)

या मापात परिचारिका बसत नव्हत्या. १८७३ पासून तिथे रुग्णालयांना जोडून नर्सिंगच्या शाळा निघाल्या. विद्यार्थिनी वॉर्डात राबत, त्यांच्या श्रमांवर रुग्णालये चालत, आणि शेवटी हाती पडे ती पदविका. विद्यापीठाच्या लेखी त्या वर्षांना फारसे मोल नसे. १९६५ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने भूमिका घेतली, की परिचारिकांचे शिक्षण उच्चशिक्षण संस्थांतच व्हावे. भूमिका रास्त होती. पण वीस वर्षे रुग्णसेवा केलेल्या बाईने आता पहिल्या वर्षाच्या बाकावर जाऊन बसायचे का?

१९६७ मध्ये कॉलेज बोर्डाने ‘क्लेप’ परीक्षा आणल्या: वर्गात न बसता परीक्षा द्या, क्रेडिट मिळवा. १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ‘रीजंट्स एक्स्टर्नल डिग्री’ सुरू केली. तिला ना वर्ग, ना वसतिगृह. त्याच दशकात कॅरी लेनबर्ग यांच्या नेतृत्वाखाली तिथे नर्सिंगची पदवीही आली. सैन्यातील वैद्यकीय साहाय्यक, कनिष्ठ दर्जाच्या परवानाधारक परिचारिका, संसार आणि नोकरी सांभाळणाऱ्या स्त्रिया यांना तिने दार उघडले.

मला या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती त्याची शेवटची पायरी. शरीररचना, मानसशास्त्र यांची परीक्षा कागदावर होई. मात्र नंतर उमेदवाराला प्रत्यक्ष रुग्णालयात, परीक्षकाच्या नजरेखाली, खऱ्या रुग्णांची शुश्रूषा करून दाखवावी लागे. ठरवून दिलेली एखादी कळीची कृती चुकली, तरी नापास. तास मोजणे सोडले होते, हात पाहणे सोडले नव्हते.

तरीही अनेकांचे समाधान झाले नाही. काही दिवसांची परीक्षा देखरेखीखालील दीर्घ वॉर्ड-प्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाही, असा आक्षेप राहिला, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्याने पुढे अशा नव्या पदवीधरांना परवान्याचे दार बंद केले. रीजंट्सचीच उत्तराधिकारी असलेली संस्था आज एक्सेल्सियर विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

२००९ च्या सुमारास ‘स्ट्रेटरलाइन’ने महिना ९९ डॉलरमध्ये अभ्यासक्रम देऊ केले, तेही याच वाटेने. अशा अभ्यासक्रमांना अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन क्रेडिटची शिफारस करते. शिफारसच, आदेश नव्हे. इंग्रजी वा समाजशास्त्राचे क्रेडिट सहज वळते होते, पण प्रयोगशाळेचे विज्ञान अनेक नर्सिंग महाविद्यालये अडवतात, काही तर जुने झालेले क्रेडिटही नाकारतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या तरुणीला पत्र लिहावे लागते ते अभ्यासक्रम विकणाऱ्याला नव्हे, जिथे प्रवेश हवा त्या महाविद्यालयाला.