निळीच्या नावाचं जांभळं फूल

पाहुणा ओसरीवर टेकला, की गूळपाणी पुढे करून आपल्याकडे तीन गोष्टी विचारतात : नाव काय, गाव कोणतं, कूळ कुठलं. लायलॅक नावाच्या झुडपाला युरोपानं चारशे वर्षांहून अधिक काळ अंगणात मानानं उभं केलं, पण या तीन प्रश्नांची उत्तरं मात्र बराच काळ ऐकीव माहितीवर भागवली. नीट चौकशी केली, तर पहिलं उत्तर आपल्याच घरी येऊन पोचतं.

आधी पाहुण्याची ओळख. दहा-पंधरा फुटांपर्यंत वाढणारं, बुंध्यापासून अनेक खोडं फुटलेलं झुडूप. बदामाच्या आकाराची गुळगुळीत पानं. मे महिना आला, की फांदीच्या टोकाशी वीतभर तुरे येतात. तुऱ्यात चार पाकळ्यांची बारीक फुलं खच्चून भरलेली असतात. रंग फिक्या जांभळ्यापासून गर्द जांभळ्यापर्यंत, शिवाय पांढरा आणि गुलाबीही. वास असा, की झुडूप दिसण्याआधी कळतं. हा सगळा सोहळा दोन-तीन आठवड्यांचा. उरलेलं वर्षभर ते नुसतं हिरवं झुडूप.

आता नाव. संस्कृतातला ‘नील’ फारसीत गेला आणि तिथे निळीला ‘नील’च म्हणू लागले. निळसर ते ‘नीलक’. बोलता बोलता पहिल्या न चा ल झाला आणि ‘लीलक’ हे रूप रूढ झालं. अरबीतून ते स्पॅनिश-फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत गेलं. न आणि ल यांची ही अदलाबदल मराठी माणसाला नवी नाही. आपण कडुनिंबही म्हणतो आणि कडुलिंबही. संस्कृत ‘लाङ्गल’ आपल्या शेतात ‘नांगर’ झाला आणि ‘ललाट’ घामाघूम होऊन ‘निढळ’ झालं. फारसी माणसाची जीभ आपल्यासारखीच वळली, एवढंच.

मौज अशी, की निळीच्या नावाचं हे फूल निळं नाहीच. आज लायलॅक म्हटलं, की जगाच्या डोळ्यांसमोर फिका जांभळा रंग येतो. आणि निळीच्या बाबतीत हे एकदाच घडलेलं नाही. अरबांनी ‘नील’ला आपलं उपपद जोडून ‘अन्-नील’ केलं, पोर्तुगिजांनी त्याचं ‘अनिल’ केलं. 1840 च्या सुमारास फ्रिट्झशे या रसायनशास्त्रज्ञाला निळीवर प्रक्रिया करताना एक तेलकट द्रव मिळाला, त्याला त्यानं याच शब्दावरून ‘ॲनिलीन’ म्हटलं. पुढे डांबरातूनही ॲनिलीन मिळू लागलं. 1856 मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन त्यापासून क्विनीन करू पाहत होता. क्विनीन झालं नाही. हाती आला तो पहिला गाजलेला कृत्रिम रंग, मॉव्ह. तोही फिका जांभळा! एक शब्द दोन वाटांनी घराबाहेर पडला आणि दोन्ही वाटांवर निळ्याचा जांभळा झाला. आपल्याकडेही पांढऱ्या कपड्यांना द्यायच्या निळीच्या पुडीत झाडाची नीळ पुढे राहिली नाही, तरी पुडीला आपण ‘नीळ’च म्हणत आलो. वस्तू बदलली, तरी नावाचं बूड हलत नाही.

गावाची गोष्ट याहून गमतीची आहे. ओजिए द बुस्बेक हा फ्लेमिश गृहस्थ सम्राट फर्डिनांडचा वकील म्हणून 1554 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला, सुलतान सुलेमानच्या दरबारी गेला. तह जुळवण्याच्या नादात त्याची कित्येक वर्षं तिथेच गेली. माणूस चौकस होता. जुनी नाणी, शिलालेख, पोथ्या, कंद, बिया, जे दिसेल ते गोळा करणारा. 1562 मध्ये तो परतला आणि त्याच्यामार्फत लायलॅक व्हिएन्नात पोचला, असं मानतात. सम्राटाच्या पदरी असलेल्या मातिओली या वैद्यानं 1565 मध्ये आपल्या वनस्पतिग्रंथात त्याचं चित्र छापलं. 1597 मध्ये लंडनचा जॉन जेरार्ड आपल्या बागेत ही झुडपं असल्याचं लिहितो.

झुडूप तुर्कांच्या बागेतून आलं, नाव फारसी. म्हणजे गाव पूर्वेकडचंच, असं सगळ्यांनी धरलं. आपल्याकडे कुठून तरी गलबतावरून आलेल्या जिनसेला ‘विलायती’ म्हणतात, तसंच हे. पाहुणा शेवटचा ज्या मुक्कामाहून आला, तेच त्याचं गाव ठरलं. 1753 मध्ये लिनेयसनं त्याला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हाही हा समज कायम होता. पुढे 1828 च्या सुमारास बनात प्रांतात, आजच्या रोमानियाच्या नैर्ऋत्येकडच्या चुनखडीच्या डोंगरांत, वनस्पतिशास्त्रज्ञांना लायलॅक रानात आपसूक वाढलेला सापडला. मग बाल्कनमध्ये आणखीही ठिकाणी तो दिसत गेला. बुस्बेक कॉन्स्टँटिनोपलला गेला, तो बेलग्रेडच्या वाटेनं बाल्कन ओलांडूनच. ज्या मुलखाचं हे झुडूप, त्याच मुलखातून तो गेला, आणि ते भेटलं मात्र सुलतानाच्या राजधानीत! युरोपचंच झाड युरोपला अडीचशेहून अधिक वर्षं परदेशी वाटत राहिलं.

या खऱ्या गावाचा पत्ता बागेत कामाला येतो. चुनखडीच्या उतारावर वाढलेलं झाड आम्लधर्मी मातीत खुरटतं आणि पाणी साचलं तर कुजतं. म्हणून माती आंबट असेल तिथे बुंध्याशी चुना किंवा लाकडाची राख टाकण्याची जुनी रीत आहे. ऊन मात्र दिवसाचे सहा तास तरी हवंच. सावलीत पानं येतात, फुलं रुसतात.

कुळाचा प्रश्न सुटायलाही वेळ लागला. लायलॅकच्या कोवळ्या काडीत मऊ गर असतो. तो पोखरून काढला, की नळी तयार. तुर्क लोक तिचा हुक्क्या-चिलमीच्या नळीसाठी उपयोग करत. ग्रीक भाषेत नळीला, बासरीला ‘सिरिंक्स’ म्हणतात, म्हणून झुडपाचं शास्त्रीय नाव पडलं सिरिंगा. दवाखान्यातली सिरिंजही याच शब्दाची लेक. पण अशीच पोकळ काडी असलेल्या आणखी एका पांढऱ्या फुलांच्या झुडपालाही लोक सिरिंगाच म्हणत, त्यामुळे दोन वेगळ्या कुळांतली झुडपं बराच काळ एका नावावर नांदली. आपल्याकडच्या बकाण निंबालाही इंग्रजीत ‘पर्शियन लायलॅक’ म्हणतात, कारण त्याच्या फुलांना जांभळी झाक असते. तेही नातं फक्त तोंडदेखलं.

खरं कूळ ऑलिव्हचं. जाई, जुई, मोगरा आणि पारिजातक ही सगळी त्याच भावकीतली. पारिजातकाच्या सड्याखाली वाढलेल्या माणसाला लायलॅकचा गंध परका वाटू नये, तो यासाठीच. या वंशाच्या बहुतेक जाती चीनच्या, आणि एक आपल्या पश्चिम हिमालयातली. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या उंच उतारांवर ती रानात फुलते. महाराष्ट्रात मात्र लायलॅक रमत नाही. कळ्या उमलायच्या, तर आधी त्यांना हिवाळ्यातली दीर्घ, कडक थंडी लागते. ती झोप पुरी झाल्याशिवाय झाड जागं होत नाही. 1900 च्या सुमारास डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सेननं झुडपं बंद जागेत ईथरच्या वाफेत ठेवून ही झोप लवकर मोडण्याची युक्ती शोधली आणि माळ्यांना भर हिवाळ्यात लायलॅक विकता येऊ लागला. ‘जीन’ हा शब्द 1909 मध्ये जगाला दिला, तो याच योहान्सेननं.

रानातला साधा तुरा आजच्या भरगच्च तुऱ्यापर्यंत आला, तो एका नवरा-बायकोमुळे. फ्रान्समधल्या नान्सी शहरात विक्तॉर लम्वानची रोपवाटिका होती. 1870 च्या युद्धात शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात गेलं, धंदा थंडावला. रिकाम्या दिवसांत लम्वाननं लायलॅकचा संकर करायचं ठरवलं. त्याच्याकडे दुहेरी पाकळ्यांचं एक झुडूप होतं. फुलं लहान, पुंकेसर नाहीत, स्त्रीकेसरही बहुधा वेडावाकडा. अशा फुलात दुसऱ्याचे पराग टाकायचे म्हणजे सोनाराचं काम. लम्वानची नजर अधू झालेली, हात थरथरणारा. मग शिडीवर चढली ती त्याची पत्नी मारी-लुईझ. फूल न् फूल निवडून तिनं पराग लावले. बी मोजकंच धरलं, पण त्यातून नवी घराणी उभी राहिली. 1876 ते 1927 या काळात या रोपवाटिकेनं दीडशेहून अधिक वाण बाजारात आणले. ‘फ्रेंच लायलॅक’ हे नाव त्यातूनच पडलं. पाहुण्याला आणखी एक गाव चिकटलं. त्या वाणांत 1890 चा एक पांढराशुभ्र, दुहेरी पाकळ्यांचा वाण आहे. त्याचं नाव ‘मादाम लम्वान’.

असं झुडूप हाताशी आलं, की खरी परीक्षा छाटणीची. गुलाबाला सरावलेला हात इथे घात करतो. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर गुलाब छाटतात आणि नव्या फुटीवर दीड-दोन महिन्यांत कळ्या येतात. मोगराही थंडीत छाटला, की उन्हाळ्यात नव्या फुटीवर बहरतो. लायलॅक त्याचाच भाऊबंद, पण तऱ्हा उलटी. मेमधला बहर ओसरतो न ओसरतो, तोच नवी फूट निघते आणि त्याच उन्हाळ्यात तिच्या टोकाच्या डोळ्यांत पुढल्या वर्षीचं फूल धरतं. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे सांगायला नको. एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या काडीत घड आधीच धरलेला असतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तो फक्त बाहेर येतो. पानगळीत अंगण आवरताना कोणी लायलॅकचे शेंडे खुडून झुडूप गोल-गरगरीत केलं, तर पुढल्या मेमध्ये हिरव्या पानांखेरीज काही मिळत नाही. तुरे वाळले, की लगेच कात्री घ्यायची आणि महिन्याभरात ठेवून द्यायची.

म्हातारं झुडूप मात्र असं शेंड्यावर सुधारत नाही. फुलं वर वर जातात, खाली नुसती मनगटाएवढी लाकडं उरतात. तेव्हा सगळ्यात जुन्या खोडांपैकी एकतृतीयांश जमिनीलगत करवतायची, पुढल्या वर्षी आणखी तेवढी, तिसऱ्या वर्षी उरलेली. तोवर बुंध्यातून आलेले फुटवे जागा घेतात. झुडूप कलमी असेल, तर फुटवे ओळखून काढावे लागतात. नाहीतर आंब्याचं कलम मरून खालचा रायवळ माजावा, तशी गत होते. स्वतःच्या मुळावरचं असेल, तर एखादा फुटवा मुळासकट उकरून शेजाऱ्याला द्यावा. लावल्यावर फुलाला तीन-चार वर्षं, कधी जास्तही लागतात.

अटलांटिकपलीकडेही हे झुडूप वसाहतवाल्यांच्या सामानातूनच गेलं. तिथे पसरलं ते असंच, फुटव्या-फुटव्यानं, या घरून त्या घरी. अठराव्या शतकात ते वॉशिंग्टन आणि जेफर्सन यांच्या बागांत पोचलं होतं. 1865 च्या एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला, त्यावर वॉल्ट व्हिटमननं लिहिलेल्या शोककाव्यात लायलॅक उभा आहे, तो दारापुढच्या अंगणातच. न्यू हॅम्पशायर राज्यानं 1919 मध्ये त्याला राज्यफूल केलं. मूळ गावाचा दाखला कोणी मागितला नाही.

त्याच न्यू इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांनी खडकाळ शेतं सोडली आणि ते पश्चिमेकडे निघून गेले. लाकडी घरं कुजली, शेतांवर पुन्हा रान आलं. आज त्या रानात मे महिन्यात फिरताना मध्येच लायलॅक फुललेला दिसतो. तो आपोआप तिथे येत नाही, कोणीतरी लावलेलाच असतो. जवळ जाऊन पाला बाजूला सारला, की दगडानं बांधलेला तळघराचा खड्डा सापडतो, कधी उंबऱ्याचा दगड. कोणाचं घर, कुठलं घराणं, सांगायला कोणी उरलेलं नाही. पण इथे दार होतं, एवढं ते झुडूप दर वर्षी सांगतं.