घरकामगार आणि वस्ती: पुण्यातील एका चळवळीचा इतिहास

महाराष्ट्रातील कामगार चळवळीचा इतिहास बहुतेक वेळा गिरणीच्या फाटकापाशी सुरू होतो. ज्या कामाला फाटक नाही, हजेरीपट नाही आणि एका मालकाच्या हाताखाली शंभर माणसेही नाहीत, अशा घरकामातील स्त्रियांनी १९८० साली पुण्यात केलेल्या संपाला त्या इतिहासात म्हणूनच फारशी जागा मिळालेली नाही. या संपाचे वेगळेपण असे की कामाच्या जागी एकत्र येणे ज्यांना शक्यच नव्हते त्या स्त्रिया राहत्या वस्तीच्या आधाराने एकत्र आल्या, आणि पुढील काळात त्यांच्या संघटनांनी जे मिळवले ते मुख्यतः याच बळावर.

धुणे-भांडी आणि केर-फरशी करणाऱ्या बाईचा पगार कामागणिक ठरतो: भांड्यांचे वेगळे, कपड्यांचे वेगळे, फरशीचे वेगळे, आणि घरात माणसे किती यावर त्यात कमी-जास्त. एक बाई दिवसाकाठी चार-पाच घरे धरते, म्हणजेच तिला चार-पाच मालक असतात आणि प्रत्येकाशी तिचा व्यवहार तोंडी असतो. असे असूनही एका गल्लीत दर साधारण सारखाच राहतो, कारण नवे काम धरण्यापूर्वी बाई शेजारच्या घरी काम करणारीला विचारून घेते. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर सोलापूर, नगर व मराठवाड्यातून पुण्यात आलेल्या अनेक कुटुंबांतील स्त्रियांच्या हाती पहिले लागले ते हेच काम, आणि ते मिळवून दिले ते बहुधा आधी आलेल्या नणंदेने, जावेने किंवा गावाकडच्या एखाद्या बाईने. हे लागेबांधे पुढे संघटनेच्या कामी आले.

कायद्याच्या मार्गाने काही साधण्याचा प्रयत्न त्यापूर्वीच होऊन गेला होता. पुण्याच्या पर्वती मंदिर सत्याग्रहातील एक नेते पां. ना. राजभोज यांनी १९५९ मध्ये राज्यसभेत घरगुती नोकरांविषयीचे खाजगी विधेयक, म्हणजे सरकारऐवजी एखाद्या सदस्याने आणलेले विधेयक, मांडले; त्यात किमान वेतन, कामाचे कमाल तास, आठवडी सुट्टी आणि वार्षिक रजा यांची तरतूद होती. ते संमत झाले नाही, आणि पुढची दोन दशके हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

१९८० च्या संपाचे निमित्त एका खाड्याचे होते. खाडा म्हणजे कामावरची गैरहजेरी, जिचे पैसे महिन्याच्या पगारातून कापण्याची रीत होती. आजारपणामुळे आलेल्या गैरहजेरीवरून एका बाईला कामावरून काढले गेले, तेव्हा आसपासच्या स्त्रियांनी काम बंद केले आणि हे लोण शहराच्या इतर भागांत पसरले. संप पुकारणारी संघटना तेव्हा नव्हती. संप आधी झाला आणि त्यातून, लाल निशाण पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या साथीने, पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, भरपगारी सुट्ट्या, आजारपणात पगार न कापणे आणि दिवाळीचा बोनस या मागण्या आज साध्या वाटतात, परंतु घरकाम ही नोकरी आहे हेच मान्य नसलेल्या समाजात त्या मोठ्या धाडसाच्या होत्या. संप टिकण्याची सारी भिस्त एका गोष्टीवर होती: गृहिणीने बदली बाई शोधली तरी ती त्याच किंवा शेजारच्या वस्तीतून यायची, आणि तिने ते काम धरायला नकार दिला तरच संपाला अर्थ उरायचा.

संघटन वस्तीत झाल्यामुळे वस्तीच्या गरजा कामगारांच्या मागण्यांपासून वेगळ्या काढता येत नव्हत्या. सार्वजनिक नळाला पाणी उशिरा आले की पहिल्या घरी पोहोचायला उशीर होई आणि बोलणी खावी लागत. पाळणाघर नसल्याने धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीची शाळा सुटे, आणि पुष्कळदा तीच आईच्या हाताखाली कामाला लागे. कामगार चळवळीच्या अभ्यासकांनी नळ, पाळणाघर आणि रेशनकार्ड यांना दुय्यम मानले, हे चुकलेच.

राज्याने अखेर महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ हा कायदा केला. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांची मजुरी मंडळामार्फत देण्याची व्यवस्था घालून दिली होती. या कायद्यात मात्र १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगारांची नोंदणी आणि प्रसूती, अपघात, मुलांचे शिक्षण व अंत्यविधी यांसाठी साहाय्य एवढ्यावरच भागवले गेले, आणि पगार, रजा व बोनस हे १९८० चे मूळ प्रश्न बाहेर राहिले. नोंदणीच्या अर्जासोबत मालकाचा दाखला मागितला जातो, आणि नेमका तोच मिळत नाही, कारण सही केल्याने आपल्यावर काही जबाबदारी येईल अशी मालकांना धास्ती वाटते. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, राज्य सरकारने जाहीर केलेले १५०० रुपयांचे साहाय्य नोंदणीकृत घरेलू कामगारांसाठी होते, त्यामुळे दाखल्याअभावी नोंदणी न झालेल्या स्त्रिया त्यालाही मुकल्या.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या केंद्रीय कायद्याने राहत्या घराला कामाचे ठिकाण मानले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने मात्र ‘उद्योगा’च्या व्याख्येतून घरगुती सेवा वगळली. पगाराचा प्रश्न त्यामुळे अजूनही संघटनांची दरपत्रके आणि वस्तीतील स्त्रियांची एकजूट यांवरच अवलंबून आहे.